तहवाले साहेबांचे डोळे

पहिल्या फोटोत तहवाले साहेबांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यातही मिटलेले होते. तिसऱ्यात ते इतके मिटलेले होते, की हनुवटीरावांच्या बायकोने संगणकाचा पडदा पदराच्या टोकाने पुसून पाहिला.

"अहो, हे झोपलेत."

"झोपलेले नाहीत. विचारात आहेत."

"सगळ्या फोटोंत?"

"मोठी माणसं आहेत. त्यांना विचार जास्त असतात."

बायको एकेक फोटो पुढे सरकवत गेली. अगदी शेवटच्या फोटोपर्यंत तहवाले साहेब विचारातच होते. मग हनुवटीराव मटकन खाली बसले. मागे खुर्ची नव्हती हे त्यांना बसल्यावर कळलं, पण तोपर्यंत उठावंसं वाटेनासं झालं होतं.

हनुवटीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ते "हनुवटी वर, अजून वर, एवढी नको, आता हसू नका" असं एका दमात सांगत. परवान्यापासून वाचनालयाच्या कार्डापर्यंत शहरातल्या लोकांच्या चेहऱ्यावर जो किंचित अपमान झाल्याचा भाव दिसे, तो हनुवटीरावांची कामगिरी. अख्खं शहर त्यांचे फोटो खिशात घेऊन फिरत होतं. पण कुणी भिंतीवर टांगावा असा त्यांनी काढलेला एकही फोटो जगात नव्हता. हे दुःख त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ते ठाऊक होतं, कारण हनुवटीराव झोपेत बोलत.

आणि अशात तहवाले साहेबांचं काम आलं.

तहवाले साहेब कोण, याचं उत्तर तुम्ही शहरात कुणाला विचारता यावर अवलंबून होतं. ते मूळचे इथलेच. आधी राजदूत झाले, मग परराष्ट्रमंत्री झाले आणि मग त्यांनी तो तह केला. शेजारच्या देशाला एक डोंगर देऊन त्यांनी एक लढाई थांबवली. अर्ध्या शहराच्या मते लढाई होणारच नव्हती, डोंगर मात्र फुकट गेला. उरलेल्या अर्ध्या शहराच्या मते तो डोंगर नव्हताच, नुसता खडक होता, आणि त्यापायी हजारो पोरं जिवंत घरी आली. या विषयावर सख्खे भाऊ जेवताना बोलत नसत. ते लग्नकार्यासाठी राखून ठेवत.

नगरभवनात शहराच्या थोर माणसांच्या तसबिरींची एक भिंत होती. तिथे एक खिळा तहवाले साहेबांसाठी ठोकून ठेवलेला होता, आणि प्रत्येक नगराध्यक्षाने निर्णय पुढच्याच्या गळ्यात घालत तो तसाच रिकामा ठेवला होता. शेवटी एका नगराध्यक्षाला कुणीतरी सांगितलं, की आता साहेब फार म्हातारे झालेत, कुणी चिडलं तरी किती चिडणार. ठराव पास झाला. नगरपालिकेच्या फोटोंचं काम ज्याच्याकडे, त्यानेच हाही फोटो काढावा असा नियम होता, आणि नगरपालिकेच्या शिपायांची ओळखपत्रं करण्याचं काम हनुवटीरावांकडे होतं. अशा रीतीने एका युगपुरुषाचा चेहरा नियमात बसून हनुवटीरावांच्या दुकानात आला.

तो दिवस हनुवटीराव मरेपर्यंत विसरणार नव्हते. साहेब काठी टेकत आत आले आणि खोली एकदम लहान झाली. मागच्या मोरीतला नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता, तो त्या वेळी ठिबकायचा थांबला. निदान हनुवटीरावांना तसं वाटलं. या माणसाने नकाशावर एक रेघ ओढली होती आणि जमीन त्या रेघेप्रमाणे वागली होती, आणि आता तो त्यांच्या फिरत्या स्टुलावर बसून टाय सरळ करत होता. साहेबांबरोबर त्यांच्या सचिव होत्या, काटकुळ्या बाई. साहेबांशी तहाबद्दल बोलायचं नाही, एवढं सांगून त्या दाराशी उभ्या राहिल्या. हनुवटीरावांना कशाहीबद्दल बोलता येत नव्हतं. "हनुवटी वर" म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी नुसती हवा आली.

शेवटी त्यांनी मोजायला सुरुवात केली, कारण आकडे म्हणायला धैर्य कमी लागतं. इथे त्यांची एक खास पद्धत होती. ते "एक, दोन, तीन" म्हणत, पण बटण दाबत ते "दोन"वर. "तीन"ला माणूस पापणी मिटतो, हसतो किंवा श्वास रोखतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. "दोन"ला माणूस बेसावध असतो. पण समोर बसलेल्या माणसाचं सगळं आयुष्य समोरच्याच्या मनात काय आहे ते एक आकडा आधी ओळखण्यात गेलं होतं. तहवाले साहेब "दोन"लाच डोळे मिटत होते.

फोटो काढल्यावर लगेच कॅमेऱ्यात पाहणं हनुवटीरावांना पाहुण्यासमोर वाढलेलं चाखून बघण्यासारखं वाटायचं, म्हणून त्यांनी पाहिलं नाही. साहेब उठले, त्यांच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून "बरं" म्हणाले आणि गेले. त्या "बरं"चा अर्थ लावण्यात हनुवटीरावांची दुपार गेली. मग बायकोने फोटो उघडले.

सचिवबाईंना फोन केला, तर त्यांनी सांगितलं की साहेब व्याख्यानांसाठी परदेशी जायला निघाले, विमानतळावर आहेत, आणि अनावरण ते यायच्या आतच आहे. फोटो कसे आलेत, असंही त्यांनी विचारलं. हनुवटीराव म्हणाले, "शांत आलेत."

आता या दुकानाची एक सेवा होती, जिचा पाटीवर उल्लेख नव्हता. लग्नाच्या समूह फोटोत कुणी ना कुणी डोळे मिटतोच. तो आत्याचा नवरा किंवा नवरीची मावशी असते, आणि फोटो फाडून टाकता येत नाही. अशा वेळी हनुवटीरावांची बायको संगणकावर त्या माणसाला दुसऱ्या कुणाचे तरी उघडे डोळे बसवून देई. तिच्याकडे डोळ्यांचा मोठा साठा होता आणि वय आणि नातं यांप्रमाणे तो लावलेला होता. शहरातल्या किती मावशा भलत्याच मावशीच्या डोळ्यांनी अल्बममधून बघत होत्या याची गणती नव्हती. आजवर एकाही माणसाने तक्रार केली नव्हती, कारण फोटोत माणूस फक्त स्वतःला बघतो, आणि स्वतःचे डोळे त्याला नेहमी होते त्यापेक्षा बरेच वाटतात.

"साहेबांचे जुने फोटो काढ," हनुवटीराव म्हणाले. "त्यातले डोळे घेऊ. निदान माल त्यांचाच असेल."

बायकोने जुने फोटो काढले. तहावर सही करतानाच्या फोटोत साहेब कागदाकडे बघत होते. शपथविधीत डोळे मिटलेले. विमानाच्या शिडीवर काळा चष्मा. शेजारच्या देशाच्या अध्यक्षाशी हस्तांदोलन करताना अध्यक्षाचे डोळे घाबरून उघडे आणि साहेबांचे मिटलेले. संध्याकाळपर्यंत शोधल्यावर नवरा-बायकोंच्या लक्षात आलं, की ज्या माणसावर अर्धं शहर जीव टाकत होतं आणि अर्धं शहर ज्याला शिव्या घालत होतं, त्याचे डोळे आजवर कुणी पाहिलेलेच नव्हते. असलं काही कळल्यावर माणसाने नेमकं काय करायचं असतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग साठ्यातले डोळे लावून पाहिले. साठा लग्नातला होता. एका आजोबांचे डोळे लावले, तर साहेब जेवणाची पंगत कधी बसणार असं विचारताना दिसू लागले. एका वकिलाचे लावले, तर त्यांनी डोंगर फुकट दिल्याचं सिद्धच झालं.

"यात वजन नाही," हनुवटीराव म्हणाले. "ज्याने काहीतरी मोठं पाहिलंय असा डोळा पाहिजे. म्हातारा पाहिजे. आणि खाली अशा पिशव्या पाहिजेत."

त्याच वेळी आतल्या खोलीत वर्तमानपत्र खाली झालं आणि त्याच्या वरच्या कडेतून हनुवटीरावांच्या सासऱ्यांनी बाहेर पाहिलं.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. जे बोलायचं ते फार भयंकर होतं.

सासरे सीमेवरच्या नाक्यावर अधिकारी होते. नाका त्याच डोंगरावर होता. तह झाला त्या सकाळी त्यांना गाडीत बसवून खाली आणलं, आणि त्यांची खुर्ची, शिक्का आणि दाराजवळ त्यांनी स्वतः लावलेलं लिंबाचं झाड परदेशात राहिलं. खुर्ची आणि शिक्का नवे मिळाले. लिंबाच्या झाडाबद्दल मात्र सरकारी उत्तर आलं नाही. तेव्हापासून ते तहवाले साहेबांना "तो" म्हणत. जावयाने "त्या"चं काम घेतल्याचं कळल्यापासून ते जावयाशी बोलत नव्हते. जेवताना ते मुलीला सांगत, की जावईबापूंना म्हणावं मीठ इकडे सरकवा, आणि जावईबापू हातभर अंतरावर बसून निरोपाची वाट बघत. अनावरणाच्या दिवशी नगरभवनात काळं फडकं फडकवायचं त्यांनी ठरवलं होतं. फडकं धुऊन इस्त्री करून ठेवलेलं होतं.

काम बायकोने अंगावर घेतलं. बाबांना ती म्हणाली, हयातीच्या दाखल्याला नवा फोटो लागतो. सासरे म्हणाले, "तो" बसला त्या स्टुलावर मी बसणार नाही. स्टुलावर वर्तमानपत्र अंथरलं. सासरे म्हणाले, यात "त्या"ची बातमी आहे. वर्तमानपत्र उलटं केलं. मग ते बसले, आणि जावयाकडे अशा नजरेने बघू लागले की त्यात फक्त जावई दिसत होता. हे काही खरं नव्हतं. हनुवटीरावांनी कॅमेऱ्यामागून बायकोला खूण केली.

"बाबा," ती सहज म्हणाली, "नाक्यावरचं आपलं लिंबाचं झाड आता केवढं झालं असेल हो?"

सासऱ्यांच्या चेहऱ्यात काहीच हललं नाही. फक्त डोळे कुठेतरी फार लांब गेले आणि तिथे थांबले. हनुवटीरावांनी आकडे न म्हणता बटण दाबलं. या वेळी त्यांनी लगेच कॅमेऱ्यात पाहिलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

डोळे बसले. नुसते बसले नाहीत, त्यांनी त्या चेहऱ्याचा ताबा घेतला. मिटल्या पापण्यांचे साहेब धूर्त दिसायचे. उघड्या डोळ्यांचे साहेब हे असे, की आपण काय केलं ते त्यांना पुरतं ठाऊक आहे आणि त्याला इलाज नाही. सासरे फिरायला गेलेले असताना फोटो मोठा करून घरात भिंतीला टेकवून ठेवला, तर हनुवटीरावांना त्याच्याकडे पाठ करून जेवता येईना. बायकोने दुकानात जाताना दोनदा नकळत पदर सारखा केला. हा फोटो आपण काढला, या गोष्टीवर हनुवटीरावांचा विश्वास बसत नव्हता, आणि एका अर्थी तो बसू नये हेच बरोबर होतं.

अनावरणाला नगरभवन खच्चून भरलं. अर्धे लोक टाळ्या वाजवायला आले होते, अर्धे ओरडायला, आणि दोघांनीही त्यासाठी घसे मोकळे करून ठेवले होते. सासरे पुढच्या रांगेत, खिशात फडकं. हनुवटीराव सगळ्यांत मागे खांबाला पाठ लावून. नगराध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, आणि कुणीच काही केलं नाही.

टाळी नाही. घोषणा नाही. खच्चून भरलेल्या सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. फोटो वरून सगळ्यांकडे एकेकट्याकडे बघत होता. पुढच्या रांगेतून सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि ते दोघं असे बराच वेळ राहिले. खिशाकडे गेलेला हात तिथेच थांबला. मग त्या हाताने फडकं काढलं, पण ते डोळ्यांना लावलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मधलं माणूस न घालता जावयाशी बोलायचं ठरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी जावयाच्या कामाबद्दल चांगला शब्द कधी काढला नव्हता.

"जावईबापू, फोटो चांगला काढलात."

"तुमची कृपा," हनुवटीराव म्हणाले. इतकं खरं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"त्या माणसाला झोप लागत नसणार. डोळ्यांत दिसतं. त्याचंही काहीतरी गेलंय." सासऱ्यांनी स्वतःहून मीठ पुढे सरकवलं. "मला वाटलं होतं, त्याला काही वाटलंच नसेल."

त्यानंतर सासरे रोज नगरभवनात जाऊ लागले. फोटोसमोरच्या बाकावर बसून घरी येत, आणि आल्यावर त्यांना चांगली भूक लागे. पण ते एकटेच जात नव्हते. शहर लोटलं होतं. साहेबांचे भक्त येऊन म्हणत, बघा ही दूरदृष्टी, थेट पुढच्या शतकात बघतायत. विरोधक येऊन म्हणत, बघा हा पश्चात्ताप, शेवटी कबूल केलं. सख्खे भाऊ एकाच फोटोकडे बघून खूश होऊन परत जात, आणि जेवताना पुन्हा बोलू लागले. एका वर्तमानपत्राने अग्रलेख लिहिला, की या डोळ्यांनी तहाचा फेरविचार सुचवला आहे. दुसऱ्याने लिहिलं, की या डोळ्यांत तहाचं समर्थन ओतप्रोत आहे. नगरभवनाच्या पहारेकऱ्याने तेवढं एकदा सासऱ्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही साहेबांच्या नात्यातले का?" सासऱ्यांनी यापूर्वी असल्या प्रश्नावर काठी उगारली असती. त्या दिवशी ते म्हणाले, "नाही हो. पण मलाही तसं वाटतं खरं." हे त्यांनी घरी हसत सांगितलं, आणि हनुवटीराव कालवलेला भात पुन्हा कालवू लागले.

हे इथवर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण पहिला अग्रलेख शेजारच्या देशात वाचला गेला. तिथल्या सरकारने पत्र पाठवून विचारलं, की सदर नजर ही डोंगराबाबतच्या धोरणात बदल समजावी काय. इकडच्या सरकारने खुलासा केला, की माजी मंत्र्यांचे डोळे ही सरकारची अधिकृत भूमिका नाही. खुलासा केला म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं समजून शेजाऱ्यांनी डोंगरावरचा पहारा वाढवला. तो वाढवला म्हणून यांनी खालचा वाढवला. हनुवटीराव बातम्यांसमोर बसून होते. एके काळी त्यांची हौस एवढीच होती, की आपला एक फोटो भिंतीवर लागावा. आता त्या फोटोमुळे दोन देशांचे शिपाई बूट घालून तयार बसले होते. त्यांना घाम फुटला होता, आणि त्या घामात कुठेतरी खोल, सांगायला नको अशा जागी, थोडा अभिमान होता.

"तुम्ही जाऊन खरं सांगा," बायको म्हणाली.

"सांगितलं तर फोटो उतरवतील."

"मग उतरवू देत."

"आणि बाबा?"

आतल्या खोलीत बाबा गुणगुणत बूट घालत होते. ते गुणगुणतात हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात सचिवबाईंचा फोन आला. साहेब दौरा अर्धा सोडून परत आले आहेत, नगरभवनात फोटो बघायला गेले आहेत, आणि फोटोग्राफरने ताबडतोब यावं.

हनुवटीरावांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. आपण काय काढलंय ते त्या माणसाच्या तोंडावर कबूल करायचं, आणि वाटल्यास तिथल्या तिथे नवा फोटो काढायचा, असं त्यांनी रस्त्याने ठरवलं. नगरभवनाच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत त्यांचं तीनदा पळून जायचंही ठरवून झालं होतं.

दुपारची वेळ होती. सभागृहात गर्दी नव्हती. सासरे नेहमीच्या बाकावर होते. थोडं मागे, खांबाच्या आडोशाला, कोट आणि काठी असा एक वाकलेला म्हातारा एकटाच उभा होता. सचिवबाई बाहेरच थांबल्या होत्या. हनुवटीराव जवळ गेले. साहेब फोटोकडेच बघत होते.

"हे डोळे माझे नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाहीत, साहेब. तुमचे मिटलेले आले. सगळ्यांत."

"येणारच. चर्चेला बसलं की समोरचा माझ्या डोळ्यांत बघायचा. म्हणून मी मिटून घ्यायचो. लोक म्हणाले, काय हा धूर्त माणूस. मग सवय पडली." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला भीती वाटायची हो. दुसरं काही नाही."

असं म्हणून त्यांनी हनुवटीरावांकडे मान वळवली, आणि हनुवटीरावांना ते दिसले. तपकिरी होते. एकात मोतीबिंदू पिकत आलेला. कुठल्याही म्हाताऱ्याचे असतात तसे, जरा ओलसर. सगळं जग ज्याबद्दल भांडत होतं ते इतकं साधं होतं आणि आपल्यापासून हातभर अंतरावर होतं, या जाणिवेने हनुवटीरावांच्या तोंडून पुन्हा पहिल्या दिवसासारखी नुसती हवा आली.

"कुणाचे आहेत?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायला ताकद लागते. हनुवटीरावांनी बाकाकडे बोट केलं. आणि मग, सुरुवात झालीच होती म्हणून, नाका, खुर्ची, शिक्का आणि लिंबाचं झाड सगळं सांगून टाकलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकत बाकाकडे निघाले. हनुवटीराव मागोमाग गेले, पण दोन पावलं अंतर ठेवून.

साहेब सासऱ्यांच्या शेजारी बसले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे ओझरतं पाहिलं आणि जागा करून दिली. ओळखायचा प्रश्नच नव्हता. सासऱ्यांना ठाऊक असलेला माणूस समोर भिंतीवर होता.

"रोज येता?" साहेबांनी विचारलं.

"येतो. तुम्ही पहिल्यांदाच?"

"हो. काय दिसतं तुम्हाला यात?"

"त्याला माहीत आहे," सासरे म्हणाले. "आपण काय दिलं, ते त्याला माहीत आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याने नुसती रेघ ओढली आणि चहा प्यायला. माझं एक झाड राहिलं तिकडे. लिंबाचं. हसाल तुम्ही."

"नाही हसत." साहेब काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "नकाशात झाडं दाखवत नाहीत."

"तेच ना."

मग साहेबांनी अगदी सावकाश विचारलं, "म्हणजे माफ केलंत तुम्ही त्याला?"

सासऱ्यांनी नीट विचार केला. ते अधिकारी होते, तपासल्याशिवाय काही पुढे सोडत नसत.

"फोटोला केलं," ते म्हणाले. "माणूस समोर आला, तर बघू."

साहेबांनी मान हलवली. मोठमोठ्या चर्चांतून उठताना त्यांनी ती तशीच हलवली असेल. ते उठून हनुवटीरावांपाशी आले. हनुवटीरावांनी गळ्यातला कॅमेरा पुढे केला.

"साहेब, खिडकीत उजेड चांगला आहे. तुमच्या डोळ्यांसकट नवा काढतो, आणि भिंतीवरचा उतरवून तो लावू. मी मोजणार नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या स्वतःकडे एकदा पाहिलं. "राहू दे. माझं जे काम माझ्याकडून झालं नाही, ते तो करतोय. त्या पहाऱ्याचं मी बघतो. दोन फोन केले की बूट काढतील." त्यांनी हनुवटीरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फक्त ह्यांना काही सांगू नका."

फोटो राहणार होता. सासरेही राहणार होते, मिठासकट. आभार कसे मानावेत ते हनुवटीरावांना सुचेना, म्हणून ते तिथेच उभे राहिले, आणि साहेबही उभे राहिले, दोघं बाकाच्या आणि भिंतीच्या मधोमध.

"अहो," मागून सासऱ्यांचा आवाज आला. "ते काठीवाले. जरा बाजूला व्हा ना, मला साहेब दिसत नाहीयेत."

तहवाले साहेब बाजूला झाले. एकही अट न घालता झाले.